पथ्य मोडतं ते चवीपाशी

रात्रीचं जेवण. टेबलाच्या एका टोकाला नातू बसलेला असतो. त्याच्या ताटात चीज-मेयोनीजचं सँडविच, शेजारी केचपची बाटली. दुसऱ्या टोकाला आजोबा असतात. महिन्यापूर्वी रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलचा अहवाल हाती आल्यापासून त्यांच्यासाठी वेगळं पातेलं चढतं. उकडलेला दुधी, बिनमिठाचं वरण, कोरडा फुलका. पहिला आठवडा ते निमूटपणे जेवतात. दुसऱ्या आठवड्यात ‘भूक नाही’ म्हणू लागतात. तिसऱ्या आठवड्यात फरसाणाचा डबा कुणाच्या नकळत रिकामा होऊ लागतो.

हे चित्र कोण्या एका घरातलं नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा वाढतं वजन यांपैकी काही घरात शिरलं, की आहारतज्ज्ञाची यादी येते आणि त्या यादीत बहुतेक ‘हे बंद, ते बंद’ असंच लिहिलेलं असतं. बंद केलेल्या पदार्थाच्या जागी काय, हा प्रश्न मात्र स्वयंपाकघरावर सोडलेला असतो. तिथेच पथ्य मोडतं. माणूस हट्टी असतो म्हणून नव्हे, तर बेचव अन्न जन्मभर खाणं कुणालाच जमत नाही म्हणून.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४च्या मे महिन्यात भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. देशातल्या एकूण रोगभारापैकी सुमारे ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी जोडलेला आहे, असा अंदाज त्यात मांडला आहे. म्हणजे औषधाच्या डब्याइतकंच मिसळणाच्या डब्याकडेही लक्ष द्यायला हवं. आणि सुरुवात करायला गेल्या काही वर्षांत फ्रिजच्या दारात कायमचं बसलेलं मेयोनीज हा चांगला नमुना आहे.

पांढऱ्या बाटलीत काय असतं?

मेयोनीज म्हणजे तेल आणि पाणी यांचा जमवून आणलेला संसार. एरवी ही दोन कधी एकत्र नांदत नाहीत. पण अंड्याच्या बलकात लेसिथिन नावाचा घटक असतो. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. बलक, थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन त्यात थेंब थेंब तेल घालत घुसळत राहिलं, की तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात अडकून बसतात आणि घट्ट, मऊ, चकचकीत मिश्रण तयार होतं. विज्ञानात याला पायस म्हणतात. दूधसुद्धा पायसच; फरक इतकाच, की टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के असतो आणि मेयोनीजमध्ये तेल हाच मुख्य घटक. अमेरिकेच्या अन्न नियमांनुसार मेयोनीज म्हणवून घ्यायला त्यात वजनाने किमान ६५ टक्के वनस्पती तेल असावं लागतं.

याचा हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ कॅलरी मिळतात. तेवढ्याच पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून ४. म्हणून पारंपरिक मेयोनीजच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १०० कॅलरी असतात. सँडविचवर दोन चमचे सहज जातात. म्हणजे ब्रेड, चीज, बटाटा मोजायच्या आधीच दोन-अडीच फुलक्यांइतकी ऊर्जा पोटात गेली आणि तीही पोट भरल्याची जाणीव न होता.

‘आम्ही अंड्याचं घेतच नाही, व्हेज घेतो’ असं अनेक घरांत ऐकू येतं. पण अंडं नाही म्हणजे तेल नाही, असं नव्हे. बिनअंड्याच्या मेयोनीजमध्ये बलकाचं काम दुधाची किंवा सोयाची प्रथिनं, स्टार्च आणि डिंकासारखे घटक करतात. तेल असतंच आणि बहुधा साखरही असते. पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिल्या दोन-तीन नावांत तेल आणि साखर दिसली, की बाटलीचा स्वभाव कळतो.

कच्च्या अंड्याच्या मेयोनीजचा प्रश्न याहून वेगळा आणि जास्त तातडीचा आहे. अंड्याच्या कवचावर, क्वचित आतही, साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. अंडं नीट शिजलं तर ते मरतात. मेयोनीजमध्ये अंडं शिजतच नाही. त्यात आंबटपणा कमी पडला आणि बाटली गाडीवर तासन् तास उन्हात राहिली, तर जिवाणूंना वाढायला मोकळं रान मिळतं. विषबाधेच्या घटनांनंतर केरळने जानेवारी २०२३मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. तेलंगणाने ३० ऑक्टोबर २०२४पासून आणि तमिळनाडूने ८ एप्रिल २०२५पासून प्रत्येकी एका वर्षासाठी तशीच बंदी लागू केली. गर्भवती, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी कच्च्या अंड्याचं मेयोनीज टाळावंच. पाश्चराइज्ड अंड्यापासून केलेलं, बाटलीबंद आणि फ्रिजमध्ये ठेवलेलं मेयोनीज याबाबतीत सुरक्षित असतं. तेलाचा हिशेब मात्र तोच राहतो.

जिभेला नेमकं हवं तरी काय?

पर्याय शोधताना बहुतेकांची एक चूक होते. ते पदार्थ बदलतात, पण त्या पदार्थाने जिभेला काय दिलं होतं, हे पाहत नाहीत. मेयोनीज चार गोष्टी देतं. पहिली, मऊ घट्टपणा. ते ब्रेडला चिकटतं आणि कोरडा घास ओला करतं. दुसरी, हलका आंबटपणा. तिसरी, मीठ आणि मोहरीचा किंचित झणका. चौथी, स्निग्धता, मसाल्यातले अनेक सुगंधी घटक तेलात विरघळतात आणि घास चावताना हळूहळू घशामागून नाकापर्यंत पोहोचतात. आपण ज्याला ‘चव’ म्हणतो, त्यातला मोठा भाग खरं तर हा वास असतो.

या चारही गोष्टी दुसरीकडून मिळाल्या, तर मेयोनीजची आठवण फारशी होत नाही. नुसतं पातळ दही लावलं तर एकच मिळते आणि मग ‘पर्याय काही चालत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो.

मराठी स्वयंपाकघरात या चारही गोष्टी आधीपासून आहेत. श्रीखंडासाठी दही टांगलं, की चक्का मिळतो. दह्यातलं पाणी निथळून जातं. प्रथिनांचं जाळं आणि त्यात अडकलेला स्निग्धांश मागे उरतो, म्हणून चक्का तेल न घालताही मऊ आणि घट्ट लागतो. अर्धा किलो दह्याचा साधारण पाव किलो चक्का पडतो. टोन्ड दुधाच्या दह्याचा असेल, तर एका मोठ्या चमच्यात जेमतेम १५ ते २० कॅलरी. आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, तो आपोआप येतो.

झणक्यासाठी फेसलेली मोहरी. काकडीच्या कोशिंबिरीला किंवा लोणच्याला आजी मोहरी फेसून लावत, त्यामागे नेमकं रसायनशास्त्र आहे. अख्ख्या मोहरीला वास नसतो. ती कुटून पाण्यात घोटली, की दाण्यात वेगळं बसलेलं मायरोसिनेज हे विकर मोकळं होतं आणि नाकात जाणारा तो तिखट घटक तयार होतो. गरम पाण्याने विकर निकामी होतं, म्हणून फेसायचं ते गार पाण्यात. लिंबू आधी पिळलं तर ही क्रिया मंदावते, म्हणून ते दहा मिनिटांनी. शिवाय मोहरीच्या पुडीतला चिकट अंश तेल-पाणी धरून ठेवायलाही मदत करतो.

करून पाहण्यासारखे तीन पर्याय

*चक्का-मोहरी.* टोन्ड दुधाचं अर्धा किलो दही मलमलीच्या कापडात बांधून, गाळणीत ठेवून, फ्रिजमध्ये तीन-चार तास निथळू द्यावं. एक लहान चमचा मोहरी कोरडी वाटून दोन चमचे गार पाण्यात चांगली फेसावी आणि दहा मिनिटं झाकून ठेवावी. चक्क्यात ही मोहरी, लसणाची एक पाकळी किसून, मिरपूड, लिंबाचे काही थेंब, चिमूटभर मीठ आणि एक लहान चमचा शेंगदाण्याचं तेल घालून घोटावं. हा एक चमचा तेल वगळू नये; लसूण-मिरीचा वास तोच पसरवतो. काकडी, कांदा घालायचा असेल तर तो आयत्या वेळी, कारण दोन्हींना पाणी सुटतं. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. निथळलेलं पाणी फेकू नये. थालीपिठाची कणीक भिजवायला किंवा कढीला ते चालतं.

*चणे-तीळ.* रात्रभर भिजवलेले काबुली चणे अगदी मऊ शिजवावेत. एक वाटी चण्यांना दोन मोठे चमचे भाजलेले तीळ, लसूण, लिंबू आणि चण्यांचंच थोडं पाणी घालून कोमट असतानाच वाटावं. गार झाल्यावर वाटलं तर रवाळ राहतं. सालं चोळून काढली तर आणखी मऊ होतं. पश्चिम आशियातलं हमस ते हेच. यात प्रथिनांबरोबर तंतूही मिळतात. मेयोनीजमध्ये तंतू औषधालाही नसतात.

*उकडलेल्या अंड्याचं.* ज्यांना अंड्याचीच चव हवी, त्यांनी दोन अंडी दहा-बारा मिनिटं पूर्ण उकडावीत आणि दोन मोठे चमचे चक्का, अर्धा चमचा फेसलेली मोहरी, मिरपूड व लिंबू घालून मिक्सरमधून काढावीत. बलकातलं लेसिथिन मिळतं, जिवाणूंची भीती राहत नाही आणि वाटीभर तेल वाचतं. हे मात्र त्याच दिवशी संपवावं.

याच संदर्भात परदेशी पाककृतींतून आलेलं एक नाव अलीकडे बरंच ऐकू येतं : अ‍ॅक्वाफाबा. ज्योएल रोसेल या फ्रेंच गायकाने २०१४मध्ये दाखवून दिलं, की कडधान्यं शिजवलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं; पुढच्या वर्षी अमेरिकेत त्याला हे लॅटिन नाव मिळालं. पाण्यात उतरलेली प्रथिनं आणि सॅपोनिन हा फेस धरतात. पुरणाची डाळ शिजवून काढलेलं पाणी कटाच्या आमटीसाठी जपून ठेवणाऱ्या घरांना यात नवल वाटू नये. कट शिजताना वर येणारा फेस हा त्याच कुळातला. मात्र अ‍ॅक्वाफाबाच्या मेयोनीजमध्ये अंड्याला पर्याय मिळतो, तेलाला नाही. वाटीभर तेल त्यातही घालावंच लागतं. अंडं न खाणाऱ्यांसाठी ते ठीक. कॅलरी कमी करायला निघालेल्यांसाठी नाही.

तीच गोष्ट दाण्याच्या कुटाची. शेंगदाण्याची दह्यातली चटणी उत्तम लागते, त्यात प्रथिनंही भरपूर; पण १०० ग्रॅम दाण्यांतून साडेपाचशेहून अधिक कॅलरी मिळतात. ती चमच्याने घ्यावी, वाटीने नव्हे.

मीठ : सगळ्यांत अवघड बदल

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा. त्यात भाजी-आमटीतलं मीठ आलंच, शिवाय लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड आणि बाटलीतले सॉसही आले. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं; म्हणजे सव्वादोन ग्रॅम. एका चमच्यात दिवसाचा जवळपास निम्मा वाटा संपला.

‘सैंधव वापरतो, मग काळजी नाही’ हा गैरसमज घराघरांत आहे. सैंधव रंगाने गुलाबी असलं तरी ते प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच असतं. उलट त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं.

पोटॅशियमयुक्त मिठाचा पर्याय मात्र अभ्यासातून तावूनसुलाखून निघालेला आहे. चीनच्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्या खेड्यांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं गेलं. यातल्या बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला होता, उरलेले साठी ओलांडलेले आणि रक्तदाबाचे रुग्ण होते. नेहमीचं मीठ खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यूचं १२ टक्क्यांनी कमी आढळलं. जानेवारी २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही घरगुती वापरासाठी अशा मिठाची शिफारस केली. पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं. रक्तदाबाच्या काही औषधांबरोबरही हा धोका असतो. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं मीठ घरात आणू नये.

ज्यांना ते चालत नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. आंबट चव खारटपणाची जाणीव वाढवते. म्हणून आमटीत मीठ थोडं कमी करून एखादं कोकम किंवा चिंचेचा कोळ वाढवला, तर उणीव चटकन लक्षात येत नाही. मीठ शिजताना घालण्याऐवजी काहीसं वरून भुरभुरलं, तर ते थेट जिभेवर पडतं आणि कमी प्रमाणातही पुरतं. लसूण, भाजलेलं जिरं, आमचूर, कोथिंबीर, तिळाची किंवा जवसाची चटणी मीठ बेताचं ठेवून केली, तर घास फिका वाटत नाही.

आणि सगळ्यांत मोठी मदत वेळेची. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया इथल्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरच्या संशोधकांनी १९८२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही तरुणांनी पाच महिने कमी मिठाचा आहार घेतला. त्यानंतर सूपमध्ये आणि बिस्किटांत त्यांना आवडणारं मिठाचं प्रमाणच खाली आलं होतं. जिभेची सवय बदलते. पण तिला काही आठवडे द्यावे लागतात. एका दिवसात मीठ निम्मं केलं तर बंड होतं. दर आठवड्याला चिमटीने कमी केलं, तर कुणाला पत्ताही लागत नाही.

केचप, क्रीम आणि गूळ

केचपमध्ये साखर साधारण पाव हिश्श्यापर्यंत असते; एका मोठ्या चमच्यात जवळजवळ चहाच्या एका चमच्याइतकी. लाल पिकलेले टोमॅटो तेलाच्या दोन थेंबांवर लसणासह परतून, आटवून, मिक्सरमधून काढले आणि गोडीसाठी एक-दोन बिया काढलेले खजूर घातले, तर आठवड्याची बरणी घरीच होते. टोमॅटो आटताना त्याचा अंगचा गोडवा आणि ज्याला ‘उमामी’ म्हणतात तो खमंगपणा दाट होतो, म्हणून बाहेरून फार काही घालावं लागत नाही.

हॉटेलसारख्या पांढऱ्या रश्शासाठी क्रीमच लागतं असंही नाही. उकडलेला कांदा, फ्लॉवरचे चार तुरे आणि मूठभर मगज बी एकत्र वाटली तर रस्सा दाट होतो. दही घालायचं असेल तर आधी त्यात चमचाभर बेसन फेटावं. कढी फुटू नये म्हणून जे करतात तेच. मग शेवटी वरून एक लहान चमचा साजूक तूप. स्निग्धता वरच राहिली की वास आधी पोहोचतो, आणि पातेल्यात चार चमचे घालण्याची गरज उरत नाही. वरून घातलेल्या फोडणीचं मर्म हेच आहे.

गुळाबाबत मात्र स्वतःची फसवणूक नको. गुळाला स्वतःचा वास आहे, थोडी खनिजंही आहेत. पण त्यातला बहुतांश भाग साखरच आहे. मधुमेह्याच्या रक्तात तो साखरेसारखाच वागतो. कृत्रिम गोडी आणणाऱ्या गोळ्यांबद्दलही जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३मध्ये सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही. बाकीच्यांसाठी चहातली साखर पाव चमच्याने, पंधरा-पंधरा दिवसांनी कमी करत जाणं हाच टिकणारा मार्ग आहे.

एकच पातेलं

या सगळ्या बदलांतून एक नियम काढायचा झाला, तर तो असा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती सगळ्या घरासाठी बदलावी. आजाऱ्याचं वेगळं पातेलं हा त्याला दिलेला दिलासा नसतो. तू आता आमच्यातला नाहीस, हे दिवसातून दोनदा सांगणं असतं. शिवाय कमी मीठ, कमी तेल, जास्त कडधान्यं हे पथ्य नातवालाही तितकंच हिताचं आहे. त्याच्या जिभेच्या सवयी तर आता घडताहेत.

महिन्यातून एकदा बाहेरचं सँडविच खाल्लं, म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते रोजच्या दोन चमच्यांनी. म्हणून या रविवारी दही टांगावं. श्रीखंड पुन्हा कधीतरी होईल. वाटीभर चक्का-मोहरी टेबलाच्या मधोमध ठेवावी, गाजर-काकडीचे तुकडे आणि गरम थालीपीठ शेजारी. नातवाने त्यात काकडी बुडवावी आणि आजोबांनी थालीपिठाचा तुकडा. वाटी आधी कोण संपवतं, एवढंच पाहायचं.